आर-१०१ : ज्यांनी काहीच पाहिलं नव्हतं, त्यांची साक्ष

५ ऑक्टोबर १९३०. पहाटेचे दोन वाजून नऊ मिनिटं झाली असतील. फ्रान्समधल्या बोव्हे शहराजवळ आलोन नावाच्या गावाबाहेर, रानाच्या कडेला, भर पावसात आर-१०१ ही ब्रिटिश वायुनौका नाकावर आपटली आणि पेटली. लांबी ७७७ फूट, पोटात ५५ लाख घनफूट हायड्रोजन. आत ५४ माणसं होती. ४६ जागच्या जागी गेली, दोन बोव्हेच्या दवाखान्यात दगावली, सहा वाचली.

त्या सहांच्या जबान्यांवर पुढची सगळी चौकशी उभी राहिली. वृत्तपत्रांनी त्यांना प्रत्यक्षदर्शी म्हटलं, आपणही म्हणू. पण त्यांच्यातल्या एकालाही बाहेरचं काही दिसत नव्हतं. जहाज कशामुळे खाली आलं, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलंच नव्हतं. तरीही या चौकशीत सगळ्यात भरवशाची माहिती दिली ती याच सहा जणांनी. हे कसं झालं, तेवढ्यासाठी हे प्रकरण मी पुन्हा मांडतो आहे.

जहाज निघालं होतं आपल्याकडे

आर-१०१ कराचीला येत होती. तेव्हाचं कराची म्हणजे मुंबई इलाख्यातलं कराची. सिंध वेगळा झाला १९३६ मध्ये. साम्राज्याचे तुकडे हवेतून जोडायचे, या १९२४ च्या योजनेतून दोन वायुनौका बांधल्या गेल्या. आर-१०० खाजगी कंपनीने बांधली, आर-१०१ सरकारने बेडफर्डशायरमधल्या कार्डिंग्टनला. कराचीत तिच्यासाठी प्रचंड शेड उभारली होती. वाटेत इजिप्तमध्ये इस्मायलियाला थांबून इंधन घ्यायचं होतं.

जहाजावर हवाई खात्याचे मंत्री लॉर्ड थॉमसन स्वतः होते. हे थॉमसन जन्मले आपल्या नाशिकला, १८७५ मध्ये, लष्करी घराण्यात. कराचीला जाऊन ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात लंडनच्या इंपीरियल कॉन्फरन्ससाठी परत पोचायचं, असा त्यांचा बेत होता. हा बेत पुढे चौकशीत फार महत्त्वाचा ठरला.

आणि चौकशीचे अध्यक्ष कोण, तर सर जॉन सायमन. तेच. फेब्रुवारी १९२८ मध्ये ज्यांच्या आयोगाने मुंबईच्या धक्क्यावर पाय ठेवला तेव्हा काळे झेंडे आणि 'सायमन परत जा' यांनी स्वागत झालं, ते. नोव्हेंबर १९३० मध्ये लंडनला पहिली गोलमेज परिषद भरली, तीत सायमनना घेतलं नव्हतं. त्याच सुमारास ते त्याच शहरात एका जळालेल्या वायुनौकेचे साक्षीदार तपासत होते. आपल्या इतिहासात सायमन हे नाव एकाच अर्थाने येतं आणि ते रास्तही आहे. पण साक्ष कशी ऐकावी, हे त्यांना कळत होतं, हेही नोंदवायला हवं. त्यांच्या जोडीला दोन जाणकार होते. मूर-ब्रॅबझन हे ब्रिटनमधले अगदी सुरुवातीचे वैमानिक आणि इंग्लिस हे केंब्रिजचे अभियांत्रिकीचे प्राध्यापक.

कोण कुठे होतं

साक्ष वाचताना मी आधी एक साधा नकाशा काढतो : माणूस कुठे होता, तिथून त्याला काय दिसू शकत होतं, काय ऐकू येऊ शकत होतं, हाताशी काय होतं. आर-१०१ च्या बाबतीत हा नकाशा विलक्षण आहे.

जहाज चालवण्याची खोली पोटाखाली. तिथे पाळीवर असलेल्यांपैकी कुणी वाचलं नाही. पाचही अधिकारी गेले, कॅप्टन आयर्विन धरून. (गांधी-आयर्विन करारातले आयर्विन वेगळे.) म्हणजे उंची किती होती, सुकाणू कसं वागत होतं, शेवटच्या दोन मिनिटांत कोणते हुकूम का सुटले, हे ज्यांना ठाऊक होतं ते सगळे मुके झाले.

वाचलेल्यांपैकी चौघे इंजिनांवरचे. आर-१०१ ला पाच डिझेल इंजिनं होती आणि प्रत्येक इंजिन जहाजाबाहेर टांगलेल्या वेगळ्या खोलीत. एक माणूस कसाबसा उभा राहील एवढी जागा, कानठळ्या बसवणारा आवाज, तेलाचा वास. मागच्या खोलीत बेल आणि बिंक्स, मधल्या दोन खोल्यांत डावीकडे कुक आणि उजवीकडे सेव्हरी. पाचवा हॅरी लीच, इंजिनांचा फोरमन. तो धूम्रपानाच्या खोलीत बसला होता. हायड्रोजनच्या जहाजात विडी-सिगारेटची खोली म्हटल्यावर आपण दचकतो, पण ती ॲस्बेस्टॉसने मढवलेली, बंदिस्त होती. सहावा डिस्ली, वायरलेस आणि विजेचं काम बघणारा. तो स्विचबोर्डाजवळ झोपला होता.

कोकणात जाणाऱ्या रातराणीच्या मागच्या सीटवर झोपलेल्या माणसाची कल्पना करा. काचेबाहेर अंधार. ड्रायव्हर दिसत नाही, रस्ता दिसत नाही. पण घाट लागला हे त्याला कळतं, अंग एका बाजूला कललं की वळण कळतं, गियर बदलला की चढ कळतो, वरच्या रॅकवरची पिशवी सरकली की जोराचा ब्रेक कळतो. 'ड्रायव्हरची चूक होती का?' असं त्याला विचाराल तर तो जे सांगेल त्याला फारशी किंमत नाही. 'पिशवी पुढे सरकली की मागे?' असं विचारलंत तर त्याच्याइतका चांगला साक्षीदार नाही.

आपल्या न्यायदर्शनाने, म्हणजे तर्काच्या जुन्या परंपरेने, हे फार पूर्वी नेमकं सांगून ठेवलं आहे. प्रत्यक्ष हे प्रमाण म्हणजे केवळ डोळ्यांनी पाहिलेलं नव्हे. अक्ष म्हणजे इंद्रिय. कानाला, त्वचेला जे थेट कळलं तेही प्रत्यक्षच. त्यावरून मनाने जे बांधलं ते अनुमान, ते वेगळं प्रमाण, त्याची तपासणी वेगळी. साक्षीदाराच्या तोंडून ही दोन्ही एकाच वाक्यात, एकाच सुरात बाहेर पडतात. ती सुटी करणं हे चौकशी करणाऱ्याचं काम.

सायफनची बाटली

४ ऑक्टोबरच्या संध्याकाळी साडेसहाच्या पुढे आर-१०१ कार्डिंग्टनच्या मनोऱ्यावरून सुटली. सुटतानाच तोलासाठी ठेवलेलं सुमारे चार टन पाणी सोडून द्यावं लागलं, इतकी ती जड होती. हवा बिघडत होती. मध्यरात्रीनंतर कार्डिंग्टनला तिचा शेवटचा सविस्तर संदेश आला : पंधराशे फूट उंची, अधूनमधून पाऊस, पाहुण्यांनी उत्तम जेवण करून शेवटचा चिरूट ओढला आणि झोपायला गेले, सगळी यंत्रणा ठीक. दोन तासांनी सगळं संपलं होतं.

लीच धूम्रपानाच्या खोलीत होता. त्याआधी कॅप्टन आयर्विन तिथे डोकावून गेले होते, मागचं इंजिन नीट चाललंय एवढंच बोलले होते. लीचने सांगितलं ते असं : अचानक खोली पुढच्या बाजूला कलली. तो बसल्या जागेवरून पुढच्या भिंतीकडे घसरत गेला. टेबलावरची सोड्याची सायफन बाटली आणि ग्लास घसरून खाली पडले. मग खोली पुन्हा सरळ झाली. त्याने बाटली आणि ग्लास उचलून परत टेबलावर ठेवले. आणि मग जहाजाने पुन्हा नाक खाली घातलं. कचकन आवाज झाला, धक्का तसा मोठा नव्हता, आणि लगेच आग.

यातली परत ठेवलेली बाटली फार मोलाची आहे. बाटली पडली, एवढ्याने जहाज पुढे कललं हे कळतं. पण ती उचलून टेबलावर ठेवता आली आणि ती तिथे राहिली, याचा अर्थ दोन झुकावांच्या मध्ये जहाज खरोखर सरळ झालं होतं आणि ते क्षणभर नव्हे, माणूस वाकून, बाटली उचलून, ठेवून होईल इतका वेळ. त्यातून आणखी एक गोष्ट निघते. पहिल्या झुकावानंतर लीच घाबरून पळाला नाही, त्याने पसारा आवरला. त्याला त्यात जीवघेणं काही वाटलंच नव्हतं. लीचने यातलं काहीही अनुमान म्हणून सांगितलं नाही. त्याने हाताने केलेली गोष्ट सांगितली.

घाबरलेल्या माणसाला काळ लांबल्यासारखा वाटतो, म्हणून 'किती सेकंद?' या प्रश्नाचं उत्तर नेहमी सांभाळून घ्यावं. पण 'तेवढ्या वेळात तुम्ही काय काय केलंत?' असं विचारलं की काळ मोजता येतो. ती कृती घड्याळ लावून पुन्हा करून पाहता येते. अपघाताच्या जबान्या घेणाऱ्या कुणालाही मी हा एकच प्रश्न आधी शिकवेन.

इंजिनवाल्यांच्या जबान्या याला जुळतात. पहिल्या झुकावात त्यांचाही तोल गेला. सेव्हरी यंत्रावर जाऊन आदळला. मग चालकखोलीतून घंटी वाजली आणि तबकडीवर 'मंद' असा हुकूम आला. हा हुकूम डावीकडच्या खोलीत कुकने ऐकला, मागच्या खोलीत बेल-बिंक्सनेही ऐकला. वेगवेगळ्या टांगत्या खोल्या, एकमेकांशी बोलता येत नाही एवढा आवाज. त्यामुळे हुकूम सुटला हे पक्कं. जड जहाज हवेत टिकतं ते काही अंशी वेगाच्या जोरावर. खाली जात असताना वेग कमी करायचा म्हणजे आता वर जाण्याची आशा सोडली आणि आपटायचंच आहे तर हळू आपटू, असं वर कुणीतरी ठरवलं. ज्याने ठरवलं तो साक्ष द्यायला उरला नाही, पण त्याचा निर्णय घंटीतून पोचला.

डिस्लीची जबानी सगळ्यात चटका लावणारी. जहाजाच्या हालचालीने तो जागा झाला आणि मुख्य कॉक्सवेन (सुकाणूवाल्यांचा प्रमुख) हंट त्याच्याजवळून मागच्या बाजूला, माणसं झोपली होती तिकडे जाताना त्याला दिसला. हंट म्हणाला, "आपण खाली आलोय, पोरांनो." बस्स एवढंच. हंट त्यात गेला. कोर्टाच्या काटेकोर भाषेत हे ऐकीव. पण घटना घडत असतानाच, कुणाला पटवण्यासाठी नव्हे तर झोपलेल्यांना उठवण्यासाठी उच्चारलेलं वाक्य आहे ते. जमिनीला लागण्याआधीच चालकखोलीतल्यांना काय होणार ते कळलं होतं, हे त्यावरून समजतं.

चर्च नावाचा एक तरुण रिगर (जहाजाचं कापड, पिशव्या, दोर सांभाळणारा) दवाखान्यात काही दिवस जगला. त्याला पुढे, नाकाकडे पाठवलं होतं, तिथलं तोलाचं पाणी हाताने सोडायला. तिथवर पोचण्याआधीच जहाज आपटलं. त्याच्याकडून कळलं ते आपण ज्याला मृत्युपूर्व जबाब म्हणतो त्याच जातीचं. नाक जड झालं होतं आणि ते हलकं करायची धडपड शेवटपर्यंत चालू होती, हे सांगणारा तोच एक.

उशिरा आलेला बिंक्स

रात्री दोनला पाळी बदलायची. मागच्या इंजिनावर बेल होता, त्याला सोडवायला बिंक्स यायचा होता. बिंक्स काही मिनिटं उशिरा आला. बेलने त्याला तसं सुनावलंही. दोघं इंजिनाबद्दल बोलत होते, तेवढ्यात जहाज झुकलं.

एरवी ही लाजेची गोष्ट. पाळीला उशीर झाला, हे कोण स्वतःहून सांगेल? बिंक्सने भर चौकशीत सांगितलं, आणि त्याच्या उशिराने तपासाला एक खुंटा मिळाला. दोन वाजता पाळी नेहमीसारखी बदलत होती. म्हणजे चालकखोलीत तोपर्यंत काही बिघडल्याची जाणीव नव्हती. जहाजातून तासन् तास वायू गळून ते हळूहळू जड होत गेलं असतं तर अनुभवी अधिकाऱ्यांनी नव्या माणसांच्या हाती ते असं सहज दिलं नसतं, सगळ्यांना जागं केलं असतं. जे झालं ते दोनच्या पुढच्या काही मिनिटांत, एकाएकी झालं. चौकशी न्यायालयाने हा मुद्दा नेमका धरला. उलट बाजूही मांडली : नुकतीच पाळी बदलल्याने सुकाणूवरच्या नव्या माणसाच्या हाताला जहाजाची सवय व्हायची होती, त्याचाही थोडा वाटा असू शकतो.

बिंक्स वेळेवर आला असता तर बेल तिथून निघून गेला असता. दोघंही वाचले, कारण खोलीभोवती आग लागली आणि त्याच वेळी वरची पाण्याची टाकी फुटून पाणी खोलीवर कोसळलं.

बाहेरचे डोळे

जमिनीवरून पाहणारेही होते. बोव्हे शहरातल्या लोकांनी पावसावाऱ्यात खालून जाणारे दिवे पाहिले, इंजिनांची घरघर ऐकली. जहाज फार खालून चाललं होतं, असं सांगणारे पुष्कळ. अंधारात, ढगांखाली, आकार माहीत नसलेल्या वस्तूची उंची डोळ्यांनी ठरवता येत नाही. सव्वादोनशे मीटरहून लांब जहाज कुणी आधी पाहिलेलंच नव्हतं. ते हजार फुटांवरूनही छपराला टेकल्यासारखं वाटणार. या जबान्यांतून वेळ आणि मार्ग घ्यावा, उंची घेऊ नये.

अपघाताच्या जागी मात्र एक माणूस अगदी जवळ होता. आलोनचा एक गावकरी रानाच्या कडेला सशांसाठी फास लावत होता, चोरून. त्याने जहाज समोरून येताना पाहिलं, नाक खाली घालताना पाहिलं, जमिनीला लागताना पाहिलं, मग स्फोट आणि आग. आतून मदतीच्या हाका येत होत्या, पण शंभरेक यार्डांवरही धग सोसवेना, तो जीव घेऊन पळाला. चोरीची शिकार करायला गेलो होतो, हे कबूल केल्याशिवाय त्याला हे सांगताच आलं नसतं. वाचलेल्यांपैकी कुणीही आपटण्याआधी आग पाहिली नव्हती आणि बाहेरून पाहणाऱ्या या एकाच्या सांगण्यातही आग जमिनीला लागल्यावरची होती. आग आधी की आपटणं आधी, हा चौकशीतला पहिला फाटा होता. तो इथे मिटला.

उशीर झालेला मेकॅनिक आणि सशांचा चोर. स्वतःला कमीपणा आणणारी गोष्ट साक्षीदार सांगतो तेव्हा उरलेल्या साक्षीचं वजन माझ्या लेखी वाढतं.

आकड्यांशी पडताळा

२८ ऑक्टोबरला चौकशी सुरू झाली, अपघातानंतर तेवीस दिवसांनी. या तेवीस दिवसांत साक्षीदार वर्तमानपत्रं वाचतात, एकमेकांशी बोलतात, हजारदा तीच गोष्ट सांगतात. आठवण प्रत्येक वेळी थोडी घासून गुळगुळीत होते. प्रश्नाच्या शब्दानेही ती वळते. अमेरिकेत १९७४ मध्ये लॉफ्टस आणि पामर यांनी लोकांना गाड्यांच्या टकरीची तीच चित्रफीत दाखवली. 'गाड्या एकमेकींवर चेंदामेंदा होऊन आदळल्या' अशा अर्थाच्या क्रियापदाने विचारलं तेव्हा वेगाचा अंदाज सुमारे ४१ मैलांचा आला, 'धडकल्या' म्हटल्यावर ३४ चा. हे ज्ञान १९३० मध्ये नव्हतं. म्हणून त्या न्यायालयाने जे केलं त्याचं मला विशेष वाटतं.

दहा दिवस साक्षी ऐकून सायमन यांनी कामकाज थांबवलं. प्राध्यापक बेअरस्टो आणि टेडिंग्टनची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्याकडे काम सोपवलं. त्यांनी आर-१०१ ची शेवटच्या रूपातली प्रतिकृती करून वाऱ्याच्या बोगद्यात तपासली आणि वेगवेगळ्या शक्यता गणिताने चालवून पाहिल्या. फक्त वरून दाबणारा वारा आला तर जहाज कसं वागेल? हळूहळू वायू गळला तर? पुढची वायुपिशवी, म्हणजे सांगाड्याच्या आतली हायड्रोजनची पिशवी, एकदम रिकामी झाली तर? ज्या गणितातून आधी झुकाव, मग सरळ होणं, मग दुसरा झुकाव आणि शेवटी अगदी कमी वेगाने आपटणं, हा क्रम निघेल तेच ग्राह्य. आपटतानाचा वेग ताशी तेराएक मैल, सायकल जोरात हाणली तर होईल एवढाच. म्हणजे लीचची सायफनची बाटली, कुकची घंटी, 'धक्का तसा मोठा नव्हता' हे वाक्य, हे सगळं गणिताला घातलेल्या अटी बनलं. नुसता खाली दाबणारा वारा या अटींत बसेना, नुसती हळू गळतीही बसेना. नाकाकडच्या एक-दोन पिशव्यांतला वायू अचानक गेला तर जहाजाचं नाक इतकं जड होतं की सुकाणूला ते पेलवत नाही, हे बसलं.

५ डिसेंबरला ही मांडणी संपली. २७ मार्च १९३१ ला अहवाल सादर झाला. निष्कर्ष : बहुधा पुढच्या भागातलं बाहेरचं कापड फाटलं, त्यामुळे नाकाजवळची एक किंवा अधिक वायुपिशव्या निकामी झाल्या. कापड फाटताना कुणीही पाहिलेलं नाही. हे पूर्ण अनुमान आहे, पण त्याच्याखाली प्रत्यक्षाच्या विटा आहेत.

तज्ज्ञांची साक्ष

आता मला जे खटकतं ते. त्या चौकशीत साक्षीदारांचा दुसरा वर्गही होता : जहाज बांधणाऱ्या, तपासणाऱ्या आणि परवाना देणाऱ्या यंत्रणेतले तांत्रिक जाणकार. त्यांनी एकमुखाने सांगितलं की निघण्यापूर्वी आर-१०१ उड्डाणयोग्य होती.

याच जहाजाचं कापड त्या जूनमध्ये कार्डिंग्टनच्या मनोऱ्याला बांधलेलं असताना १४० फूट फाटलं होतं, दुसऱ्या दिवशी आणखी एका जागी. तिच्या वायुपिशव्या बैलांच्या आतड्यांच्या पातळ पडद्यांच्या. त्या सांगाड्याच्या बोल्टांना घासून भोकं पडत होती. जुलैमध्ये तिथल्या निरीक्षकाने, मॅकवेड यांनी, परवाना वाढवायची शिफारस करता येणार नाही असं वर लिहून कळवलं होतं. घासणाऱ्या जागी गाद्या बांधल्या आणि काम पुढे गेलं. जहाज मधोमध कापून नवा भाग घातला, त्यानंतर एकच चाचणी झाली, तीही पूर्ण वेगाची नव्हती. तीन दिवसांनी ती भारताकडे निघाली.

चौकशीने पिशव्या आणि झडपा यांचा खोल तपास केला. ज्या कापडाला शेवटी कारण म्हणून पुढे केलं, त्याच्या आधीच्या दुखण्यांचा मात्र फारच वरवरचा. माझ्या मते हा या चौकशीचा मोठा दोष. मेकॅनिकची जबानी जशी उलगडून पाहिली, 'हातात काय होतं, तेव्हा काय केलंत' असं विचारून, तशी तज्ज्ञांची उलगडली गेली नाही. 'उड्डाणयोग्य होती' हे वाक्य शंभर टक्के अनुमान आहे. त्याखालचं प्रत्यक्ष काय? कापडाचा तुकडा शेवटचा कुणी हातात धरला, कधी, तो केवढ्याने फाटला? हे प्रश्न लीचला विचारल्यासारखे विचारायला हवे होते. पद मोठं असलं की आपण माणसाचं मत ऐकतो, लहान असलं की त्याने काय केलं ते विचारतो.

एका बाबतीत अहवाल स्पष्ट होता. सार्वजनिक धोरणाची निकड नसती तर आर-१०१ त्या संध्याकाळी भारताकडे निघालीच नसती, असं त्यात म्हटलं आहे. पण वरून कुणी दडपण आणलं असं न म्हणता, सगळेच तिची लायकी सिद्ध करायला उतावीळ होते, असं म्हटलं.

जिथे पाहणारे शेकडो होते

या चौकशीला जर्मनीहून ह्यूगो एकेनर आले होते, झेपेलिन कंपनीचे प्रमुख. सात वर्षांनी त्यांना अशाच एका चौकशीपुढे पुन्हा उभं राहावं लागलं, या वेळी आपल्याच कंपनीच्या जहाजासाठी. ६ मे १९३७, अमेरिकेत लेकहर्स्टला हिंडेनबर्ग पेटली. तिथे आर-१०१ च्या सगळं उलटं होतं : संध्याकाळचा उजेड, मैदानावर गर्दी, चार चित्रपट-कॅमेरे तयार. आणि चारही कॅमेऱ्यांत पहिली ठिणगी नाही, कारण त्या क्षणी ते दुसरीकडे वळलेले होते.

तिथल्या साक्षी पाहा. जमिनीवरच्या माणसांनी सांगितलं, शेपटीजवळ वरच्या अंगाला कापड आतून वायू येत असावा तसं फडफडत होतं. फाटकाबाहेर कुटुंबासह उभ्या असलेल्या एका प्राध्यापकाला पाठीच्या कण्यावर निळसर ज्योत सरकताना दिसली. जहाजाच्या शेपटीत, आत उभ्या असलेल्या हेल्मुट लाऊला चार नंबरच्या पिशवीत उजेड दिसला आणि मग पिशवीच नाहीशी झाली. तिघांनी तीन ठिकाणी आग पाहिली, म्हणून ते खोटे ठरत नाहीत. प्रत्येकाच्या जागेवरून जेवढं दिसतं तेवढंच त्याने सांगितलं. तिथेही चौकशी शेवटी 'बहुधा' या शब्दावर आली : गळलेला हायड्रोजन, वादळी हवेतली स्थिर वीज.

मला दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवून एवढंच दिसतं की पाहणाऱ्यांची संख्या आणि उजेड यांनी साक्ष आपोआप पक्की होत नाही. आर-१०१ च्या सहा आंधळ्या साक्षीदारांनी क्रम दिला तेवढा नेमका क्रम लेकहर्स्टच्या मैदानाने दिला नाही.

जाता जाता एक उल्लेख. आर-१०१ पडल्यावर दोनच दिवसांनी, ७ ऑक्टोबरला, लंडनमध्ये मृतांशी बोलते असं म्हणणाऱ्या एका माध्यम स्त्रीच्या बैठकीत मृत कॅप्टन आयर्विन बोलल्याचं जाहीर झालं. जहाज जड होतं, इंजिनं कमी पडली वगैरे. कितीतरी लोकांनी ते खरं मानलं. ज्या खोलीतून कुणीच परत आलं नाही तिथून एखादा आवाज यावा, ही त्या घरांमधली भूक मला कळते. चौकशीच्या अहवालात त्याला जागा मिळाली नाही, ते योग्यच झालं.

आग

उरतो आगीचा प्रश्न. ताशी तेरा मैलांच्या आपटण्याने ४८ माणसं मरत नाहीत. ती आगीने मेली. सेव्हरीने सांगितलं, उघड्या दारातून एकदम लखलखाट झाला आणि तोंड भाजलं. त्याला दिशा कळली, उगम नाही. लीच भिंत फोडून बाहेर पडला आणि माणसं काढायला परत आगीत शिरला. त्याबद्दल त्याला पुढे अल्बर्ट पदक मिळालं. आग सुरू कुठून झाली हे त्यालाही सांगता येईना. पाण्याशी संबंध आला की पेटणारे कॅल्शियमचे दिवे, इंजिनखोलीतलं पेट्रोल, स्थिर वीज, सगळ्या शक्यता मांडल्या गेल्या. न्यायालयाला सगळ्यात संभवनीय वाटली ती तुटलेल्या तारेतली विजेची ठिणगी, पण ठाम कारण त्यांनी लिहिलं नाही.

हंटचं ते वाक्य ऐकून डिस्ली उठला होता. अंथरुणातून उठल्याबरोबर त्याचा हात गेला तो स्विचबोर्डाकडे. जहाज आपटणार तर आधी वीज तोडायची, हे त्याला शिकवलेलं. दोन स्विच होते. एक त्याने पाडला. दुसऱ्याकडे हात जाईपर्यंत जहाज जमिनीला लागलं आणि दिवे गेले.